केअर वर्क आणि स्त्री-पुरुष समानता: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

समानतेचं धोरण म्हटलं की लोकांना आरक्षण, कर्ज, ट्रेनिंग, हेल्पलाइन हे सगळं लगेच आठवतं, आणि घरातल्या कामाचा विषय काढला की "हो हो, तेपण महत्त्वाचं आहे" म्हणून पुढच्या मुद्द्याला लागतात. मला या विषयावर जे प्रश्न सारखे विचारले जातात ते इथे एकत्र केलेत. क्रम असा काही नाही, हवं तिथून वाचा.

केअर वर्क म्हणजे नेमकं काय? स्वयंपाक त्यात येतो का?

आपल्या 'काळजी' या एका शब्दात दोन कामं आहेत, काळजी घेणं आणि काळजी करणं. घेणं म्हणजे हाताने होतं ते, बाळाला भरवणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, आजारपण काढणं. याला डायरेक्ट केअर म्हणतात. त्याच्या आगेमागे स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट, पाणी भरणं हे सगळं आलं, ती इनडायरेक्ट केअर. म्हणजे हो, स्वयंपाक येतो, कारण उपाशी माणसाची शुश्रूषा होत नाही.

आणि काळजी करणं म्हणजे डोक्यात चालू असतं ते. लस कधी द्यायची, गोळ्या किती उरल्या, उद्या शाळेत काय न्यायचंय, सासऱ्यांचा खोकला वाढलाय का. हे कुठे दिसत नाही पण एक दिवस ते करणारं माणूस घरात नसलं की मग सगळ्यांना कळतं. यातलं काही पगारी असतं (नर्स, पाळणाघरातल्या ताई, घरकामगार, अटेंडंट) आणि बहुतेक सगळं बिनपगारी.

हा प्रत्येकाच्या घरातला मामला आहे ना, सरकारचा काय संबंध?

सरकार यात आधीपासूनच आहे, फक्त ते कोणाच्या बाजूने आहे ते बघावं लागतं. ब्रिटनची गोष्ट सांगतो. तिथे १९७६ मध्ये अपंग किंवा आजारी माणसाची पूर्ण वेळ काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, चांगली गोष्ट, पण लग्न झालेल्या बाईला तो मिळणार नाही असा नियम होता! म्हणजे पुरुषाने काम सोडून आईला सांभाळलं तर भत्ता, अविवाहित मुलीने सांभाळलं तरी भत्ता, पण विवाहित बाईने केलं तर काही नाही, कारण ती तशीही घरीच असते असं गृहीत धरलेलं. एका बाईने कोर्टात धाव घेतली, प्रकरण युरोपियन कोर्टापर्यंत गेलं आणि १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. दहा वर्षं लागली.

"तशीही घरीच असते", हे वाक्य कायद्यात लिहिलेलं नसलं तरी शाळेच्या वेळा, हॉस्पिटलचा लवकर डिस्चार्ज, ऑफिसचे तास, सगळं याच गृहीतकावर उभं आहे. पेशंटला तिसऱ्या दिवशी घरी सोडतात तेव्हा पुढचे पंधरा दिवस ड्रेसिंग, पथ्य, औषधं कोण बघणार हे कोणी विचारत नाही, ते धरूनच चाललेलं असतं. हॉस्पिटलचा खर्च वाचला म्हणतात, खरं तर तो कोणाच्या तरी अंगावर ढकलला.

आकडे काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा (आयएलओ) २०१८ चा रिपोर्ट यात नेहमी वापरला जातो. जगात रोज १,६४० कोटी तास बिनपगारी केअर वर्क होतं, म्हणजे २०० कोटी माणसं रोज आठ तास फुकट राबतायत असं समजा. यातलं ७६.२ टक्के काम बायका करतात. सरासरी काढली तर बाई दिवसाला ४ तास २५ मिनिटं, पुरुष १ तास २३ मिनिटं. नंतर २०२४ मध्ये त्यांनीच अंदाज दिला की घरच्या जबाबदारीमुळे ७० कोटी ८० लाख बायका नोकरीधंद्याच्या बाहेर आहेत, आणि त्याच कारणाने बाहेर असलेले पुरुष फक्त ४ कोटी.

माझ्या मते हा शेवटचा आकडाच सगळ्यात बोलका आहे. बायकांना स्किल नाही, कॉन्फिडन्स नाही, नेटवर्क नाही असं म्हणून कार्यक्रम आखतात, पण ७० कोटी बायका स्वतःच सांगतायत की घरी बघायला कोणी नाही म्हणून येत नाही.

एवढं काम होतं तर जीडीपीत का धरत नाहीत?

देशाचे हिशोब कसे मांडायचे याची एक जागतिक नियमावली आहे, संयुक्त राष्ट्रांनी ती १९५३ मध्ये काढली आणि नंतर सुधारत गेले. आजच्या नियमात घरच्यासाठी केलेली *वस्तू* उत्पादनात येते पण घरच्यासाठी दिलेली *सेवा* येत नाही. म्हणजे बाई डोक्यावरून पाणी आणते ते कागदोपत्री उत्पादन, पण तेच पाणी तापवून म्हाताऱ्या आईला आंघोळ घातली तर ते काहीच नाही. हंडा खाली ठेवला की काम संपलं! पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं की माणसाने आपल्या पगारी घरकामगार बाईशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं, काम तेवढंच राहिलं तरी. नंतर न्यूझीलंडच्या मेरिलिन वेरिंग, ज्या आधी तिथे खासदार होत्या, त्यांनी १९८८ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि मग विषय गाजला.

१९९५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बीजिंग महिला परिषदेत ठरलं की मुख्य हिशोबाला जोडून एक वेगळं खातं, सॅटेलाइट अकाउंट, करायचं आणि त्यात या कामाची किंमत मांडायची. काही देशांनी केलंही. पण नुसतं मोजून काय होणार, मोजल्यावर बजेट हललं पाहिजे. तिथे गाडी अडते.

"केंद्रस्थानी आणायचं" म्हणजे काय करायचं? सगळे असंच म्हणतात.

बरोबर आहे, हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय. मी एक साधी कसोटी लावतो: कुठलीही योजना समोर आली की विचारायचं, बाई इथे आलेली असताना तिच्या घरचं कोण बघतंय?

सहा महिन्यांचा कोर्स, सकाळी १० ते ५. मूल कोण बघणार? मोठी मुलगी, शाळा बुडवून. म्हणजे एका बाईला सक्षम केलं आणि दुसरीचं शिक्षण मागे पडलं, आणि रिपोर्टमध्ये फक्त पहिली दिसते. व्यवसायासाठी कर्ज दिलं, धंदा चालला, आता ती पहाटे चारला उठते कारण घरचं काम तसंच आहे. स्थानिक कमिटीत बाई निवडून आली पण मीटिंग संध्याकाळी सातला, चुलीच्या वेळेला. यातली एकही योजना वाईट नाही हो. पण बाईचा वेळ फुकट आणि न संपणारा आहे असं धरलं की प्रत्येक चांगली योजना तिच्या दिवसात अजून एक काम टाकते.

तर केंद्रस्थानी आणणं म्हणजे शेवटच्या पानावर पाळणाघराचा एक परिच्छेद टाकणं नाही. पाणी, ट्रान्सपोर्ट, आरोग्य, पेन्शन, नोकरीचे कायदे या सगळ्या खात्यांना हा प्रश्न विचारणं, आणि उत्तर नसेल तर फाइल परत पाठवणं.

ते '५ आर' काय आहे?

आयएलओची मांडणी आहे. मुळात तीन आर होते, अर्थतज्ज्ञ डायन एल्सन यांनी मांडलेले: कामाची दखल घ्या (रेकग्नाइझ), काम कमी करा (रिड्यूस), कामाची वाटणी करा (रीडिस्ट्रिब्यूट). नंतर दोन जोडले गेले, पगारी केअर करणाऱ्यांना नीट मोबदला द्या (रिवॉर्ड) आणि निर्णयात त्यांना जागा द्या (रेप्रेझेंट).

लोक दखल आणि वाटणीवरच भांडत बसतात, 'कमी करा' हे कोणाला ग्लॅमरस वाटत नाही. पण जगात १८० कोटी लोकांच्या घरात प्यायचं पाणी येत नाही आणि अशा दर दहातल्या सात घरांत ते आणायचं काम बायका-मुलींवर असतं. तिथे नवऱ्याचं प्रबोधन नंतर करा, आधी नळ द्या. नळ हे समानतेचं धोरण आहे, पण पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरला कोणी तसं सांगितलेलंच नसतं.

कोणी प्रत्यक्षात करून दाखवलंय का?

उरुग्वेने २०१५ मध्ये कायदाच केला, राष्ट्रीय केअर सिस्टिमचा. लहान मुलं, अपंग व्यक्ती, परावलंबी वृद्ध यांना काळजी मिळण्याचा हक्क आणि काळजी घेणाऱ्यांनाही हक्क. शिक्षण, आरोग्य, पेन्शन अशी वेगवेगळी खाती एका छत्राखाली आणली, आणि माझ्या मते कायद्यातला हाच भाग खरा अवघड होता, कारण खाती एकमेकांशी बोलत नाहीत हे सगळीकडे सारखंच.

कोलंबियाच्या बोगोटा शहराचं मॉडेल मला जास्त आवडतं कारण ते जमिनीवरचं आहे. २०२० पासून तिथे 'केअर ब्लॉक' सुरू झाले. एका वस्तीत चालत जाण्याच्या अंतरावर सगळं एकमेकांजवळ: मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला सोडायची सोय, सार्वजनिक लाँड्री, आणि तेवढ्या वेळात बाईने अर्धवट राहिलेली शाळा पूर्ण करायची, वकिलाचा सल्ला घ्यायचा, व्यायाम करायचा किंवा काही न करता बसायचं. पुरुषांसाठी केअर शिकायचे वर्गही ठेवले. कपडे मशीनमध्ये फिरतायत आणि ती वर्गात बसलीय, एवढा साधा विचार.

गृहिणींना सरळ पगारच द्या ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मागणी जुनी आहे, १९७२ मध्ये सेल्मा जेम्स, सिल्विया फेडेरिची वगैरे स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी 'घरकामाला वेतन' ही मोहीम सुरू केली, आणि त्यांचा मुद्दा फक्त पैशाचा नव्हता, हे काम आहे, प्रेमाच्या नावाखाली फुकट घेताय, हे तोंडावर सांगणं होतं.

मला मागणीतला राग शंभर टक्के पटतो. उपाय अर्धाच पटतो. हातात पैसा आला तर घरात बाईच्या शब्दाला वजन येतं हे खरं, पण थोडासा भत्ता देऊन "आता तर तुला पैसेपण मिळतात" म्हणून सगळं तिच्याच गळ्यात कायमचं पडायची भीती असते आणि सरकारला पाळणाघरं न बांधायला निमित्त मिळतं. त्यापेक्षा पेन्शनमध्ये क्रेडिट देणं मला सरस वाटतं. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं पेन्शनच्या हिशोबात धरतात, जणू त्या काळात सरासरी पगाराची नोकरी केली. अर्जेंटिनाने २०२१ मध्ये आयांसाठी मुलांमागे काही वर्षं धरायला सुरुवात केली. म्हातारपणी हातात काही नसलेल्या बायका इतक्या का असतात याचं उत्तर याच रिकाम्या वर्षांत आहे, मग ती वर्षं भरूनच काढा ना.

पुरुषांना पितृत्व रजा दिली तर ते घेतात का?

कशी दिली यावर आहे. स्वीडनने १९७४ मध्येच आईची रजा बदलून आई-बाप दोघांची पालक रजा केली, जगात पहिल्यांदा. पण रजा दोघांत मिळून होती, हवी तशी वाटून घ्या, आणि वाटणी अशी झाली की जवळजवळ सगळी आईकडे. मग १९९३ मध्ये नॉर्वेने चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले, घेतले तर घेतले नाहीतर बुडाले. आधी शंभरात दोन-चार बाप रजा घ्यायचे, काही वर्षांत बहुसंख्य घ्यायला लागले. बापांची मनं बदलली असं नाही, हिशोब बदलला. फुकट जाणारी रजा कोण सोडतं!

जपानची उलटी गोष्ट. कागदावर बापांची रजा जगातल्या सगळ्यात उदार रजांमध्ये, पण २०१९ मध्ये शंभरातले सात-आठच बाप ती घेत होते, कारण बॉस काय म्हणेल. मग कायदा बदलून कंपनीलाच विचारणं बंधनकारक केलं की तुम्ही रजा घेणार का, आणि २०२३ मध्ये आकडा ३० टक्क्यांवर गेला. किती दिवस घेतात हा वेगळा वाद आहे.

आणि बायकांची मॅटर्निटी लीव्ह वाढवली की झालं ना?

रजेचा पगार कोण देतं ते आधी बघा. सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला तर तो इंटरव्ह्यूलाच लग्न कधी, मूल कधी असं विचारतो, किंवा विचारतही नाही, बाईला घेतच नाही. आयएलओचा २००० चा मातृत्व संरक्षण करार किमान १४ आठवडे म्हणतो आणि त्यातच म्हटलंय की भत्ता विम्यातून किंवा सरकारी पैशातून यावा, एकट्या मालकाच्या खिशातून नाही. ही अर्धी ओळ लोक विसरतात. शिवाय असंघटित कामात असलेल्या बाईला रजा हा शब्दच लागू नाही, तिला रोख मदत आणि जवळ पाळणाघर पाहिजे.

पाळणाघरं काढली की प्रश्न सुटतो?

बराचसा. कॅनडातल्या क्वेबेकने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं आणि तिथे नोकरी करणाऱ्या आयांचं प्रमाण चांगलंच वाढलं. पण घाईत वाढवताना दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही, आणि चांगल्या केंद्रातल्या जागा बऱ्याचदा बऱ्या परिस्थितीतल्या घरांनीच पटकावल्या. स्वस्त, जवळ आणि भरवशाचं हे तिन्ही लागतं. आणि नोकरीच्या वेळेशी जुळणारं, बारा वाजता सुटणारं पाळणाघर कोणाच्या कामाचं?

लहान मुलांचं ठीक आहे, म्हाताऱ्या माणसांचं काय?

इथे मी जरा जास्त बोलणार आहे. आईला स्ट्रोक आला तेव्हा मी १४ महिने काम सोडून घरी होतो. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, मुलगा असून किती करतोस! बहिणीने त्याआधी बाबांचं तीन वर्षं केलं होतं, तिला एकदाही कोणी असं म्हणालं नाही. मला तर दोन आठवड्यांतच डायपर बदलण्यापेक्षा कोणाशी बोलायला न मिळण्याचा त्रास जास्त व्हायला लागला, आणि मी ते बोलूनही दाखवलं, लोकांनी समजून घेतलं. तिने बोलून दाखवलं असतं तर कुरकुर ठरली असती.

मुलाचं काम दर वर्षी हलकं होतं, म्हाताऱ्या माणसाचं वाढत जातं आणि कधी संपणार ते माहीत नसतं, माहीत करून घ्यावंसंही वाटत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये यासाठी सक्तीचा विमा काढला. दोघांतला फरक बघण्यासारखा आहे. जर्मनीत घरच्यांनी केलं तर रोख पैसे घ्या किंवा बाहेरची सेवा घ्या, आणि रोख रक्कम सेवेच्या किमतीपेक्षा कमी असूनही बऱ्याच घरांनी रोखच घेतली. जपानमध्ये बायकांच्या संघटनांनीच रोख भत्त्याला विरोध केला, पैसे घरात येतील आणि सून परत पलंगाशी बांधली जाईल म्हणून. तिथे चाळिशीनंतर सगळे हप्ता भरतात आणि मिळतात त्या सेवा: घरी येणारी मदतनीस, दिवसभराचं केंद्र, काही दिवस माणसाला ठेवून घ्यायची सोय. ही शेवटची सोय सांभाळणाऱ्यासाठी असते, तिला चार रात्री सलग झोप मिळावी म्हणून. मला त्या १४ महिन्यांत फक्त तेवढंच हवं होतं.

घरकामाला बाई ठेवली की समानता आली, नाही का?

तुमच्या घरात आली. ती बाई तुमच्याकडे असताना तिच्या घरचं कोण बघतंय? परत तीच कसोटी. जगात साडेसात कोटींवर घरकामगार आहेत, दर चारातल्या तीन बायका, आणि ८१ टक्के असंघटित, म्हणजे रजा नाही, विमा नाही, उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. यांच्यासाठी आयएलओचा करार आहे, क्रमांक १८९, साल २०११, साप्ताहिक सुट्टी, किमान वेतन असं सगळं त्यात आहे, पण बऱ्याच देशांनी अजून सहीच केलेली नाही. सुशिक्षित बाईची करिअर दुसऱ्या बाईच्या तुटपुंज्या पगारावर उभी असेल तर ओझं वाटलं गेलं नाही, खालच्या पायरीवर सरकलं.

हे सगळं करायला पैसा कुठून आणायचा?

रस्ता बांधताना त्याला खर्च म्हणत नाहीत, गुंतवणूक म्हणतात. केअरच्या बाबतीत उलटं होतं. आयएलओने २०२२ मध्ये हिशोब मांडला की पालक रजा, पाळणाघरं आणि दीर्घकालीन शुश्रूषा यात नीट पैसा घातला तर २०३५ पर्यंत २९ कोटी ९० लाख नोकऱ्या तयार होऊ शकतात. या कामात यंत्रापेक्षा माणसं जास्त लागतात, त्यामुळे पैसा पगारात जातो, पगारातून थोडा करात परत येतो. सगळा परत येत नाही, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण आत्ता हे काम फुकट होतंय असं वाटतं तेही खरं नाही, बिल येतंय, फक्त ते सरकारच्या नावावर फाटत नाही.

केअरवर इतका भर दिला तर बायका परत घरातच अडकतील, नाही का?

ही भीती मी गंभीरपणे घेतो. 'मातृत्वाचा सन्मान' म्हणून सुरू झालेल्या कित्येक गोष्टी बाईला घरात बसवण्यावर संपतात. म्हणून योजनेची भाषा तपासा. 'मातांसाठी' असं लिहिलंय की 'पालकांसाठी'? काम कमी होतंय का, पुरुषाकडे आणि सरकारकडे काही सरकतंय का, की फक्त तिचं कौतुक चाललंय? नुसतं कौतुक असेल तर सावध व्हा.

ज्यांची काळजी घेतली जाते त्यांचं काय? ते ओझं आहेत का?

नाहीत, आणि आमच्यासारखे लोक 'केअरचं ओझं' म्हणतात तेव्हा अपंग हक्क चळवळीतले लोक चिडतात ते बरोबर आहे. त्यांची मागणी असते की मदतनीस कोण असावा, कधी यावा हे आम्ही ठरवू. २०२५ मध्ये इंटर-अमेरिकन मानवी हक्क कोर्टाने काळजी हा स्वतंत्र हक्क मानला, तेव्हा त्यात तिन्ही बाजू धरल्या: काळजी घेणं, काळजी मिळणं आणि स्वतःची काळजी.

टाइम यूज सर्व्हेत रात्रीचं उठणं धरतात का?

उठून काही केलं तर धरतात. या सर्व्हेत माणसाच्या २४ तासांची नोंद होते, किती ते किती काय केलं. रात्री दोनला औषध दिलं तर ती दहा मिनिटं केअरमध्ये जातात. एकाच वेळी दोन कामं चालू असतील तर बऱ्याच सर्व्हेत मुख्य काम एकच लिहितात, त्यामुळे स्वयंपाक करता करता मुलावर ठेवलेली नजर निसटते. आणि शेजारच्या खोलीतून हाक येईल म्हणून एक कान उघडा ठेवून जे पडून राहायचं असतं ते नोंदीत 'झोप' या रकान्यात जातं.